एकोणतीस वजा सात

पहिल्याच आठवड्यात मी त्या मुलाला नापास करून टाकलं.

स्क्रीनवर त्याचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, २१७. तिसरीतला, भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतला. त्याच्यापुढे ‘वजाबाकी, बिनहातच्याची’ या रकान्यात ०.१२ असा आकडा. मी मनातल्या मनात शंभरनं गुणलं. शंभरात बारा! एकोणीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं, “अरेरे, गेला हा.”

शेजारच्या खुर्चीतला मुलगा हसला. टीममधला सगळ्यात धाकटा, अमरावतीकडचा, संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेला. “मॅडम, ते मार्क नाहीत ना. मॉडेलला त्याच्याबद्दल काय वाटून राहिलं, ते आहे.”

मॉडेलला वाटतं म्हणे! क्षणभर मला वाटलं, आपण चुकीच्या ऑफिसात आलोय.

मी तासगावकडच्या एका अनुदानित शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवायचे. यजमानांची पुण्याला बदली झाली, मी राजीनामा दिला, वर्षभर घरात बसून कंटाळले आणि या छोट्या संस्थेत लागले. टॅबलेटवर मराठीतून गणिताचा सराव करून घेणारं सॉफ्टवेअर ते बनवतात. मी प्रश्न लिहायचे, माझ्याच आवाजात रेकॉर्ड करायचे (‘तुमचा आवाज अगदी शाळेतल्या बाईंसारखा आहे’ असं कौतुक झालं, आता तो दुसरा कसा असणार) आणि कोणता प्रश्न कोणतं कौशल्य तपासतो याची चिठ्ठी त्याला लावायची. तिथे तिला टॅग म्हणतात. या टॅगच्या जोरावर मॉडेल प्रत्येक मुलाला पुढचा प्रश्न निवडून देतं. एका वर्गात चाळीस मुलं असतील तर चाळीस वेगळे रस्ते.

कल्पना ऐकायला गोड होती. पण ते ‘वाटणं’ काही माझ्या घशाखाली उतरेना.

चहाच्या वेळी मी त्या धाकट्याला धरलं. त्यानं फळ्यावर एक समीकरण लिहायला घेतलं. मी म्हटलं, “मला सूत्र नको. पोरं सांग. शंभर पोरं.”

त्यानं फळा पुसला. “बरं. शंभर पोरं. आपण त्यांना ओळखत नाही. अंदाज धरू की तिसांना ही वजाबाकी येते, सत्तरांना येत नाही. आता एक प्रश्न विचारा.”

ज्या तिसांना येते त्यांतल्या तिघांची नजरचूक होणार, सत्तावीस बरोबर लिहिणार. ज्या सत्तरांना येत नाही त्यांतल्या चौदांचा तुक्का लागणार. एकूण बरोबर उत्तरं एक्केचाळीस, त्यांतली खरी सत्तावीस. म्हणजे ज्याचं उत्तर बरोबर आलं त्याला खरोखर येत असण्याची शक्यता सत्तावीस भागिले एक्केचाळीस, ०.६६. त्यात आणखी एक भर. प्रश्न सोडवता सोडवताच काही मुलं शिकतात, दहातलं एखादं. ते धरलं की ०.६९.

म्हणजे आकडे चारच. सुरुवातीला येत असण्याची शक्यता, एका प्रयत्नात शिकण्याची शक्यता, नजरचूक आणि तुक्का. एवढ्यावर सगळा संसार. यामागचं गणित थॉमस बेझ नावाच्या इंग्रज पाद्र्याचं, त्याचा निबंध तो गेल्यावर १७६३ मध्ये छापला गेला. मुलांना ते लावलं पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी, १९९० च्या दशकात, तेही प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. पद्धतीचं नाव नॉलेज ट्रेसिंग. आकडा ०.९५ च्या वर गेला की ‘याला हे आलं’ असं धरायचं आणि पुढच्या धड्याला सोडायचं.

मी वही काढली आणि स्वतः करून पाहिलं. माझा दुसऱ्याच्या गणितावर विश्वास नसतो. दुसरं उत्तर बरोबर आलं तर ०.९२. तिसरं बरोबर आलं तर ०.९८.

“तीन उदाहरणं? तीन बरोबर आली की झालं?” मी जवळजवळ ओरडलेच. आयुष्यभर मी पोरांना वीस-वीस उदाहरणं घालत आले. ज्याला येतं त्यालाही वीस, ज्याला येत नाही त्यालाही वीस. पहिल्याचा हात दुखायचा आणि दुसरा एकच चूक वीस वेळा गिरवून ती पक्की करायचा. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, घरी जाताना बसमध्ये केलं.

मग उलट बाजूनं करून पाहिलं. पहिलं उत्तर चुकलं की ०.३० वरून ०.१५. दुसरं चुकलं, ०.१२. तिसरं, ०.११. आणि मग गंमत झाली. चौथं चुकलं तरी ०.११, पाचवं चुकलं तरी ०.११. आकडा खाली जायलाच तयार नाही.

“बिघडलं का रे हे?”

“नाही ना, मॅडम. प्रत्येक प्रयत्नात तो काहीतरी शिकला असेल असं ते धरते. त्याच्यामुळं तेवढी आशा शिल्लक राहतेच.”

हे मला फार आवडलं, खरं सांगते. माझ्या शेऱ्यांत एवढी आशा कधी नव्हती.

आवडलं नाही ते वेगळंच. या मूळ पद्धतीत एकदा आलं की आलं, मूल विसरतच नाही. मी विचारलं, “आणि दिवाळीची सुट्टी?” त्यानं मान्य केलं की विसरणं धरणारी मॉडेलं निराळी आहेत, आणि हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाची गोष्ट सांगितली. त्यानं निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. मी म्हटलं, त्याला जूनमध्ये सहावीच्या वर्गावर पाठवायला हवा होता, एका तासात मोजून झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यात धाकट्यानं मला दोन निबंध छापून दिले. एक दिल्लीचा. तिथे शाळा सुटल्यावर माइंडस्पार्क केंद्रांवर संगणकाकडून प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार शिकवून घेत होते आणि कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग, अलेहांद्रो गानिमियन या तिघांनी ते तपासलं. सोडत काढून निम्म्या मुलांना प्रवेश दिला, निम्म्यांना नाही, आणि साडेचार महिन्यांनी दोघांची परीक्षा घेतली. प्रवेश मिळालेली मुलं गणितात आणि हिंदीत स्पष्ट पुढे होती. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीतली साडेचार. वर्ग पुढे सरकतो, मुलं त्या वेगानं सरकत नाहीत. हे कुठल्याही शिक्षकाला निबंध न वाचता माहीत असतं. माहीत असूनही आपण मधल्या बाकांकडे बघून शिकवतो, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो.

दुसरा निबंध १९७८ चा. तो वाचून मी दोन दिवस दुसरं काही केलंच नाही.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुका जमवल्या होत्या. निकाराग्वातल्या तेराशेहून जास्त मुलांच्या उत्तरपत्रिका त्यांनी तपासल्या. त्यांचं म्हणणं असं की मूल वजाबाकी चुकतं तेव्हा ते बहुतेकदा भरकटलेलं नसतं. त्याच्याकडे एक नियम असतो, तो ते इमानेइतबारे पाळत असतं, नियम तेवढा चुकीचा असतो. प्रोग्रॅममध्ये बग असतो तसा. त्यांनी ‘बगी’ नावाचा खेळच केला होता. संगणक एखाद्या चुकणाऱ्या मुलाचं सोंग घेतो, होऊ घातलेल्या शिक्षकांनी त्याला उदाहरणं घालायची आणि त्याच्या डोक्यात कोणता नियम बसलाय ते ओळखायचं.

आमच्या धाकट्यानं तसलाच खेळ मला कागदावर घातला. ५०३ वजा १२८. तीन मुलांची तीन उत्तरं. पहिल्याचं ४२५, दुसऱ्याचं २८५, तिसऱ्याचं ४७५. खरं उत्तर ३७५.

मी शाळेत असते तर तिघांनाही लाल फुली मारून पुढे गेले असते. आता पेन्सिल घेऊन बसले. पहिला पाच मिनिटांत सापडला. तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो, वर कोण आणि खाली कोण हे बघतच नाही. आठातून तीन पाच, दोनातून शून्य दोन, पाचातून एक चार. हातचा नावाची भानगडच त्याच्या दुनियेत नाही. दुसऱ्याला हातचा कळतो, पण दशकाच्या घरात शून्य दिसलं की तो त्याला वळसा घालून थेट शतकाच्या दारात जातो आणि तिथून एककाला आणून देतो. मग दशकासाठी परत शतकाकडे. पाचाचे चार, चाराचे तीन. तिसरा शून्याकडूनच उसनं घेतो. शून्याचे नऊ करतो ते बरोबर, पण ते नऊ आले कुठून याचा हिशेब शतकाकडे मांडतच नाही.

तिघांचे तीन आजार, आणि मी तिघांना एकच गोळी देत होते, ‘परत कर’.

पहिल्याला परत मोठ्यातून लहान वजा करायचा सराव झाला, एवढंच.

(पुढे असंही वाचलं की हे बग फार काळ एका जागी राहत नाहीत. मूल आज एका नियमानं चुकतं, उद्या दुसऱ्या. कर्ट व्हॅनलेन नावाच्या संशोधकानं त्यावर पुष्कळ काम केलंय. मूल अडतं, तिथल्या तिथे डागडुजी करतं आणि पुढे जातं, डागडुजी रोज वेगळी. मला आमची ग्रामपंचायत आठवली.)

आता या सगळ्यावर मी इतकी खूश झाले होते की २१७ ला परत बघितलं. त्याची उत्तरं मागवली. धाकटा म्हणाला, “कशाला मॅडम, बिनहातच्याची आहे. त्यात काय बग राहणार?”

तेच मला खटकत होतं. बिनहातच्या वजाबाकीत हातच्याचा बग कसा असेल? ते प्रश्न मीच निवडले होते आणि निवडताना स्वतःची पाठ थोपटली होती. सगळ्यात सोपा संच करायचा म्हणून वरच्या संख्येच्या एककात मुद्दाम नऊ ठेवले होते. नवातून काहीही जातं. हातच्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय मुलांना वाचायचा त्रास नको म्हणून सगळे प्रश्न तोंडी, माझ्या आवाजात. ऐकायचं आणि उत्तराचा आकडा टाकायचा. जो कोणी पुढे अडखळेल त्याला मॉडेल या संचाकडे परत आणणार. अडल्यानडल्याला आधाराची काठी.

२१७ ची उत्तरं अशी होती.

एकोणतीसमधून सात : ३२. एकोणसाठमधून सहा : ६३. एकोणपन्नासमधून पाच : ५४. नव्व्याण्णवमधून चार : ९५. एकोणचाळीसमधून आठ : ४१. एकोणसत्तरमधून तीन : ७६.

मॉडेलच्या वहीतला त्याचा प्रवास मी आता स्वतःच ताडून पाहू शकत होते. ०.३० वरून ०.१५, ०.१२, ०.११, मग नव्व्याण्णवचं बरोबर आलं म्हणून उसळून ०.४३, मग पुन्हा ०.१८ आणि शेवटी ०.१२. ते एक बरोबर उत्तर मॉडेलनं बहुतेक तुक्क्याच्या खात्यावर टाकलं होतं. पण इथे चार पर्याय नाहीत, आकडा टाईप करायचा आहे. पंच्याण्णव तुक्क्यानं कसे येतील?

माझा पहिला संशय शिक्षकी होता, पोरगं चाळे करतंय. असे चाळे मुलं करतात. भराभर काहीही दाबायचं, ‘मदत’चं बटण उत्तर दिसेपर्यंत दाबत राहायचं. कार्नेगी मेलनमध्येच रायन बेकर नावाच्या संशोधकानं २००४ च्या सुमाराला यावर काम केलंय, ‘गेमिंग द सिस्टिम’ म्हणतात त्याला. आमच्या तासगावात त्याला शेजाऱ्याच्या वहीत बघणं म्हणत. पण या मुलाचा वेळ नोंदवलेला होता. प्रत्येक प्रश्नाला आठ, नऊ, अकरा सेकंद. चाळे करणारं पोरगं अकरा सेकंद थांबत नाही. हा विचार करत होता.

प्रत्येक चुकीचं उत्तर बरोब्बर दहानं जास्त. आणि नव्व्याण्णवचं तेवढं ठीक.

दहानं जास्त म्हणजे दशकाचा घोटाळा, म्हणून मी दशक सुटा करायचे सगळे बग लावून पाहिले. एकही बसेना. तीन रात्री घातल्या. धाकटा बिचारा म्हणायचा, “ताई, सोडा ना आता,” (मॅडमचं ताई कधी झालं ते कळलं नाही) “एका पोराच्या मागं किती लागाल? असे अकरा आहेत.”

“अकरा?”

आणखी दहा मुलं होती. वेगवेगळ्या शाळांची. सगळी त्याच संचात, ०.११ आणि ०.१२ च्या तळाशी बसलेली. ती तिथून वर यायची नाहीत, कारण त्यांना जे जमत नव्हतं तेच मॉडेल त्यांना ‘सोपं’ म्हणून पुन्हा पुन्हा देत होतं.

उलगडा झाला भाजीवाल्याच्या गाडीपाशी. माझी लेक इंग्रजी माध्यमातली, कॉलेजात आहे. मी भाजी निवडली, तिनं मोबाईल काढला. भाजीवाला म्हणाला, “एकोणसत्तर झाले, ताई.” हिनं पैसे पाठवले, त्याचा पैसे मोजणारा डबा काहीतरी बोलला, आणि तो प्रामाणिक माणूस म्हणाला, “ताई, दहा जास्ती आलेत.”

“का गं?”

“एकोणसत्तर म्हणजे सेव्हन्टीनाइन ना?”

मी गवारीची पिशवी तिथेच ठेवली.

एकतीस म्हणजे ३१. बत्तीस म्हणजे ३२. मागे ‘तीस’ आलं की तिसाच्या घरातलं. मग ‘एकोण’ म्हणजे नऊ, कारण त्या सगळ्या संख्यांच्या शेवटी नऊच असतो, आणि एकोणतीस म्हणजे ३९. यात चूक काय? मुलानं आपल्या भाषेचा नियम आपल्या आपण शोधला होता आणि तो इमानेइतबारे लावत होता. ३९ वजा ७, ३२. वजाबाकी त्याची अगदी बरोबर होती. एकोणसाठ ६९, वजा ६, ६३. एकोणचाळीस ४९, वजा ८, ४१. आणि नव्व्याण्णवला तो चुकला नाही, कारण तेवढ्या एका ठिकाणी आपल्या पूर्वजांनी ‘एकोणशंभर’ म्हटलेलं नाही.

एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. एकोणतीस म्हणजे तीस वजा एक. वजाबाकी मी सांगण्याआधीच त्या नावात एक वजाबाकी होती, आणि ती मला एकोणीस वर्षांत एकदाही ऐकू आली नव्हती.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसऐवजी ‘वीस एक, वीस दोन’ असंही वाचायला सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलं लिहितात एका क्रमानं आणि बोलतात उलट्या, त्यात लहान मुलांचा गोंधळ होतो. आमच्या शिक्षकखोलीत आम्ही सगळे खो खो हसत होतो. ‘फडणवीसांना आता फडण-दोन-शून्य म्हणायचं का’ असले विनोद मोबाईलवर फिरत होते, त्यांतले दोन मीही पुढे ढकलले. अजून मला ‘वीस नऊ’ कानाला बरं लागत नाही. पण ते हसणं आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन सांगितलं की तुमचं मॉडेल चुकलं. धाकट्यानं माझ्याकडे जरा दयेनंच बघितलं. “मॉडेल नाही ना चुकलं, ताई. त्याला आपण जे सांगितलं तेच ते समजून राहिलं. टॅग कोणाचा?”

टॅग माझा. ‘वजाबाकी, बिनहातच्याची.’ एवढाच. ऐकून संख्या ओळखणं हेही एक कौशल्य आहे आणि माझ्या प्रश्नाला ते आधी लागतं, हे मला सुचलंच नव्हतं. कोणत्या प्रश्नाला काय काय लागतं याच्या तक्त्याला तिथे क्यू-मॅट्रिक्स म्हणतात, १९८३ च्या सुमाराला किकुमी तात्सुओका या बाईंनी ती कल्पना मांडली. नाव भारदस्त आहे, तक्ता मात्र माझ्यासारखी कुणीतरी बाई चहा पिता पिता भरत असते. तिथे एक घर रिकामं राहिलं की पुढचं सगळं बिनचूक गणित बिनचूकपणे भलतीकडे जातं. भोरमधलं एक पोरगं ‘वजाबाकी येत नाही’ या खोलीत कोंडलं जातं, आणि खोलीच्या आत माझाच आवाज त्याला विचारत राहतो, एकोणतीसमधून सात वजा करा.

त्या दिवशी मला वर्णनात्मक नोंदी आठवल्या. २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाबद्दल आम्ही वर्षातून दोनदा नोंद लिहायची असं ठरलं. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळायच्या. मी त्यातूनच उतरवत असे. ‘गणिती क्रिया अचूक करतो.’ ‘संख्यांची तुलना करतो.’ ‘अधिक सरावाची गरज.’ हजेरीपटाच्या क्रमानं, एकाला पहिली, दुसऱ्याला दुसरी, पाचव्यापासून पुन्हा पहिली. कुणाच्या थोरल्या भावाला मी शिकवलेलं असलं की मग पुस्तिकाही लागत नसे. धाकटा वर्गात पाऊल टाकायच्या आत माझा आकडा ठरलेला, ‘तो पण तसलाच’. मॉडेल निदान प्रत्येक उत्तरानंतर आपलं मत बदलतं. माझं मत जूनमध्ये तयार व्हायचं आणि एप्रिलमध्ये तसंच्या तसं प्रगतिपुस्तकात उतरायचं. एका बापाला मी तोंडावर सांगितलं होतं, “याचं गणित कच्चं आहे, कॉमर्सला पण घालू नका.” त्या मुलाचं सांगलीत मोबाईलचं दुकान आहे असं ऐकते. हिशेब कोण ठेवतं ते विचारायचं धाडस झालेलं नाही.

दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली. ‘संख्यानाव ऐकून ओळखणे’ असा नवा टॅग केला. ३२ हे उत्तर ३९ मधून आलेलं आहे, म्हणजे वजाबाकी जमली, नाव नाही जमलं, असं मॉडेलला समजावलं आणि जुनी उत्तरं त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचायला दिली. तिसऱ्याच उत्तराला २१७ ची वजाबाकी ०.९८ वर. संख्यानाव तळाशी. अकराच्या अकरा मुलं खोलीबाहेर.

पण मला आकड्यावर भागेना. मी त्याला बघून यायचं ठरवलं. संस्थेच्या गाडीतून शाळेत गेले, दोनच खोल्या, बाहेर पिंपरणीचं झाड. गुरुजींनी त्याला बोलावलं. बारीक, मोठ्या कानांचा, मला बघून घाबरलेला. मी बोलायला लागल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. टॅबमधली बाई समोर येऊन बसली होती.

मी पाटी दिली. म्हटलं, “एकोणतीस लिही.”

त्यानं न थांबता ३९ लिहिलं, ठसठशीत.

“आता अठ्ठावीसपासून मोज बरं.”

“अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस…” गाडी कुठे अडखळली नाही. थांबवलं नसतं तर शंभरावर गेला असता.

“आता तसंच लिहीत लिहीत मोज. त्याच पाटीवर, खाली.”

तो तोंडानं म्हणत लिहू लागला. २८. मग ‘एकोणतीस’ म्हणत २९. मग ३०, आणि हात थांबला. वर बघितलं, खाली बघितलं. वरचं ३९ पुसायला त्यानं बोट उचललं, पण पुसलं नाही. तसंच त्यावर ठेवलं.

“बाई, मग हे कोण?”

“ते एकोणचाळीस.”

त्यानं बोट ३९ मधल्या तिनावर सरकवलं आणि माझ्याकडे संशयानं बघितलं.

“ह्यात चाळीस कुठंय?”